वाकला त्याचं नाव वर

सर, तुमची सालं अजून सापडतात.

परवा एका जुन्या अंकात, ढगांच्या छायाचित्रांच्या पानांमध्ये, भुईमुगाच्या दाण्यांची पाच-सहा लाल सालं दबून बसली होती. तुम्ही असतात तर मी तो अंक तसाच उघडा तुमच्यासमोर ठेवला असता आणि काही बोलले नसते. मग तुम्ही म्हणाला असतात, "मिस, तोंडानं बोला ना. डोयानं काहून मारता?" आता मी ती सालं झटकत नाही. अंक मिटते आणि होता तिथे ठेवून देते.

तुम्ही रोज दुपारी तीनला ग्रंथालयात यायचात. खिडकीजवळची खुर्ची, शर्टाच्या खिशात शेंगा, आणि समोर समुद्रमार्गे आलेले, तीन-चार महिने शिळे अंक. अडीच वाजल्यापासून मी घड्याळाकडे बघत नसल्यासारखी बसायचे. तुम्ही आलात की कार्डांच्या खणाकडे तोंड फिरवायचे. हे तुम्हाला कळत होतं की नाही, मला माहीत नाही. आता तीन वाजतात आणि नुसते वाजतात.

शोकसभेत तुमच्या पदव्या वाचून दाखवल्या. तुमच्या शिस्तीचं कौतुक झालं. शिस्त हा शब्द ऐकून मला सालं आठवली आणि हसू आलं, आणि शोकसभेत हसणारी मुलगी नको म्हणून मी पदर तोंडाला लावला. शेजारच्या बाईंना वाटलं मी रडते आहे. मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी मानेनंच नको म्हटलं. ते राहिलेलं बोलणं आज लिहिते आहे, तेही मराठीत. माझी सगळी शाळा अमरावतीच्या कॉन्व्हेंटात झाली. घरी आई वऱ्हाडीत विचारायची आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. तुम्ही एकदा म्हणाला होतात, "इंग्रजीत लिवलं तं लोक हुशार म्हनतीन. मराठीत लिवलं तं खरं बोला लागते." मी तेव्हा रागावले होते. राग अजून थोडा आहे, पण लिहिते आहे.

अकोल्याच्या आपल्या शेतकी केंद्रात मी ग्रंथपालाच्या हाताखाली कार्डं लिहायला लागले तेव्हा तुम्ही काय काम करता हे मला कळत नव्हतं. हवामान म्हणजे उद्या पाऊस पडेल की नाही, एवढंच मला ठाऊक. तुम्ही मला खिडकीपाशी बोलावलंत आणि बाहेरच्या काळ्या जमिनीकडे बोट दाखवलंत. "हे जमीन नुसता पाऊस पेत नाई. घेतलेलं परत हवेले देते. द्याले काई उरलंच नाई, तं हवा तापते. आपला वऱ्हाड इतका तापते काहून, हे लोक आभायात पाहून राह्यले. मी खाली पाहून राह्यलो." तेवढ्यासाठी तुम्ही पाच गावांत पर्जन्यमापकं बसवली होती. एक तुमच्या मूळ गावाकडे, कौंडण्यपूरला, एक तिवशाला, आणखी तीन. कुठे शाळामास्तर, कुठे पोस्टमास्तर, रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजून वहीत लिहायचे. उन्हाळाभर लिहायचे ‘निरंक’. तुम्ही म्हणायचात, निरंक हेही वाचनच आहे.

मग वरच्या ऑफिसचं पत्र आलं. ही पाच पाऊसमोजणीची केंद्रं पुढे चालू ठेवायची, तर आपल्या संशोधनाचा उपयोग आजवर कोणी कोणी केला, याचं निवेदन पाठवा. किती जणांनी, ते आकड्यात.

तुम्ही पत्राची घडी घालून खिशात, शेंगांमध्येच, ठेवलीत. मी म्हटलं, "सर, हे करता येईल." माझ्याकडून एवढं मोठं वाक्य तोपर्यंत निघालं नसावं, तुम्ही दाणा सोलता सोलता थांबलात. मी समजावून सांगितलं, की शास्त्रज्ञ लेखाच्या शेवटी यादी देतात, कुणाकुणाच्या लिखाणाचा आधार घेतला त्याची. आडनावांच्या इंग्रजी अक्षरांप्रमाणे. तुमचं आडनाव ढोले, म्हणजे डी. हवामानाचे जेवढे अंक आपल्याकडे येतात त्या सगळ्यांतल्या सगळ्या याद्यांमध्ये मी डी पाहीन. जिथे तुम्ही सापडाल तिथे एक कार्ड.

"म्हंजे कोन माहं नाव घेऊन राह्यलं ते तुमी मोजनार?"

"हो."

"अन् शिव्या देऊन नाव घेतलं असन तं?"

"तरी कार्ड."

तुम्ही खूप हसलात. पण कागद घेतलात आणि तुमच्या लेखांची यादी लिहून दिलीत. चार लेख. "हे माहे चार," म्हणालात. मी चारच शोधले. माझं शिक्षणच तसं होतं, सर. जे यादीत आहे ते शोधायचं.

अडीच महिने लागले. त्या दिवसांत तुम्ही रोज खुर्चीवरून विचारायचात, "सापडलो का?" आणि मी म्हणायचे, "नाही, सर." ते ‘नाही’ म्हणायची मला लाज वाटू लागली होती, जणू मीच तुम्हाला हरवलं होतं.

शेवटी मी कार्डं घेऊन तुमच्यासमोर उभी राहिले.

"किती?"

"सात."

"अरे वा!"

"त्यांतली चार तुमचीच आहेत, सर. तुम्ही नंतरच्या लेखांत स्वतःच्याच आधीच्या लेखांची नावं दिली आहेत."

"म्हंजे आपलीच म्हैस, आपलंच दूध, अन् आपनच म्हनाचं का घट्ट हाय." तुम्ही चार कार्डं बाजूला सारलीत. "राह्यले तीन. वाचले का ते तीन लेख?"

मी कार्डांच्या कडा जुळवू लागले.

"मिस, वाचले का?"

"मोजले," मी म्हटलं.

तुम्ही रागावला नाहीत. तिन्ही अंक मागून घेतलेत आणि त्या दिवशी पाच वाजले तरी उठला नाहीत. जाताना एकच अंक माझ्या टेबलावर ठेवलात. "त्या दोघायनं नुसतं नाव घेतलं, पंगतीत घेतात तसं. यानं मात्र वाचलं." मी उघडून पाहिलं. त्या माणसाने तुमचं गणित चुकीचं आहे असं दीड पान लिहिलं होतं. आणि तुम्ही किती खूश होतात! "अर्धं त्याचं बरोबर हाय," जिन्यावरून म्हणालात. "कोनी तरी इतकं वाचलं, तेच लय झालं."

मला ते पटलं नाही. आपला वाद तिथून सुरू झाला आणि संपला नाही. मी म्हणायचे, वरच्या ऑफिसला चूक काढणारा माणूस दाखवून काय उपयोग, त्यांना आकडा हवा आहे. तुम्ही म्हणायचात, आकडा भरला की माणूस वाचायचं सोडतो. मी म्हणायचे, सर, पण केंद्रं बंद होतील. तुम्ही म्हणायचात, "तिवशाले चला एक डाव माह्या संगं. मंग सांगा मोजनं म्हंजे काय ते." मी म्हणायचे, कार्डं राहिली आहेत.

आधीही तुम्ही तीनदा बोलावलं होतंत. तीनदा माझी कार्डं राहिली होती.

निवेदन मी टंकलं. तीन. उत्तरही तितकंच आखूड आलं: केंद्रं महिनाअखेर बंद करावीत. तुम्ही स्वतः जाऊन चार गावांहून पर्जन्यमापकं उचलून आणलीत. ती कोठीच्या खोलीत भिंतीशी उभी आहेत. पाचवं, तिवशाचं, आणलं नाहीत. मी विचारलं तर म्हणालात, "राहू दे. तिथला मास्तर आयकनार नाई."

त्या शेवटच्या बुधवारी तुम्ही नेहमीपेक्षा उशिरा, चारला आलात आणि हवामानाच्या कपाटाकडे न जाता मातीच्या, नव्या अंकांच्या फळीशी गेलात. मला आश्चर्य वाटलं, पण मी विचारलं नाही. विचारत नाही, हीच माझी सवय. निघताना टेबलापाशी थांबलात. चेहरा शाळा सुटलेल्या मुलासारखा.

"उद्या अमरावतीले मुक्काम. परवा सकाळी तिवशाले. तुमचं तं घरच हाय अमरावतीले. येता का? एक गंमत हाय. तिथंच सांगतो, पह्यले मास्तरले."

"सर, कार्डं राहिली आहेत."

"कार्डं तं राह्यतीनच," तुम्ही म्हणालात.

गुरुवारी सकाळी जुन्या शहरातून, तुमच्या घरून निरोप आला. पिशवी भरलेली होती म्हणे, दाराशी.

त्यानंतरचे दिवस मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही विचारलंही नसतंत. पुढची गोष्ट तेवढी सांगते, कारण ती तुम्हीच मला सांगणार होतात.

आपले आवक-जावकचे गुलाबराव एके दिवशी सुतळीने बांधलेला गठ्ठा घेऊन आले. "बाई, हा तायडे कोन हाय? दोन-तीन सालापासून फारेनचे पोस्टकार्डं येऊन राह्यले याच्या नावानं. मस्टरावर तं या नावाचा मानूसच नाई. मी आपले ठेवून देल्ले." त्यांनी प्रामाणिकपणे हजेरीपट पाहिला होता, नाव नव्हतं, म्हणून कार्डं खणात. ढोले साहेबांना विचारावं असं त्यांच्या मनात आलं नाही. पत्र साहेबांच्या नावाचं नव्हतं ना.

एकेक कार्ड मी वाचलं. ऑस्ट्रेलिया, सुदान, अमेरिकेतलं टेक्सस. जिथे जिथे आपल्यासारखी काळी, तडकणारी जमीन आहे तिथून कुणीतरी नम्रपणे लिहिलं होतं, की तायडे आणि ढोले यांच्या, जमिनीच्या भेगांवरच्या लेखाची एक छापील प्रत पाठवाल का? सगळ्या कार्डांवर ‘प्रिय डॉ. तायडे’.

तायडे आणि ढोले. पाचवा लेख, सर. तुम्ही यादीत न लिहिलेला. मी केंद्रात येण्याआधीचा.

मी हवामानाचं कपाट सोडून मातीच्या अंकांकडे गेले. आधी तो लेख काढला: पत्ता आपल्या केंद्राचा, पण भेगा तिवशाच्या, आणि तायडे म्हणजे तुमचे मास्तर हे मला तिथेच कळलं. मग डी सोडून टी पाहू लागले. तिथे तुम्ही होतात, दुसऱ्या नावाच्या मागे उभे. एक, मग आणखी एक, मग एकाच अंकात दोन. एकवीस सापडले. या वेळी मी मोजून थांबले नाही. वाचले, महिना लागला. काहींनी पंगतीतलं नाव घेतलं होतं, ते मला आता ओळखता येतं. पण एकाने लिहिलं होतं, की पऱ्हाटीच्या, कपाशीच्या वाळल्या काडीने भेगेची खोली मोजणं फार गावठी आहे, आणि मग स्वतः लोखंडी तार घेऊन तेच केलं होतं. तुम्ही किती हसला असतात. आणि सर्वांत नव्या अंकात, बुधवारच्या त्या अंकात, टी ज्या पानावर आहे तिथे सालं होती. लाल, ताजी, अजून चुरगळत नव्हती.

मला त्या पानाशी बसून तुमच्यावर ओरडायचं होतं. तुम्ही त्या माणसाचं नाव लेखावर सर्वांत वर टाकलंत, आणि निवेदनाच्या वेळी तेच नाव यादीतून पाडलंत! ते काम तुमचं नव्हे, त्यांचं, असं तुम्हाला वाटलं असणार, मला कळतं. पण त्या थोरपणापायी चार गावांची वाचनं थांबली, सर. माझ्या हातून तीन हा आकडा गेला. एकदा सांगायचं होतंत: मिस, टी पण पाहा. या वादात माझी बाजू बरोबर आहे, आणि आता तुम्ही उत्तर देऊ शकत नाही, आणि असं जिंकणं मला नको आहे. खुर्चीवरून काहीतरी लागट बोला. मला हरवा.

नवं निवेदन मी पाठवलं आहे. वर लिहिलं: तायडे आणि ढोले. उत्तर अजून नाही.

गेल्या रविवारी मी अमरावतीहून पहिल्या गाडीने तिवशाला गेले. एकटी. शाळेच्या मागे काट्यांचं कुंपण, त्यात तुमचं पर्जन्यमापक, आणि त्याच्याशेजारी पांढरं स्वच्छ धोतर नेसलेला एक माणूस घड्याळात साडेआठ व्हायची वाट पाहत उभा.

"जय भीम, बाई. तुमी सायबाच्या मिस ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. सायबाच्या मिस. आयुष्यात मला याहून चांगलं कुणी ओळखलेलं नाही.

"बंद करायचं पत्र आलं नव्हतं का, मास्तर?"

"आलं ना. पन त्याच्यावर सायबाची सही नोती. म्हटलं, सायेब म्हनतीन तवा बंद करू." मग ते जरा थांबले. "आता कोन म्हननार?"

मी गठ्ठा दिला. त्यांनी तिथेच उकिडवं बसून एकेक कार्ड उलटसुलट पाहिलं, तिकिटांसकट. "डाक्टर? हे लोक मले डाक्टर म्हनून राह्यले? मी तं चौथीले शिकवतो!" मोठ्याने हसले, आणि हसता हसताच उपरण्याने डोळे पुसले. लेख त्यांच्या घरी आहे, बुद्धाच्या तसबिरीखालच्या फळीवर. मुलीने शाळेच्या पुस्तकासारखं त्याला खाकी कव्हर घातलं आहे. ते म्हणाले, "मी सायबाले म्हटलं होतं, माहं नाव इंग्रजीत काहून टाकता? ते म्हने, या भेगीत रोज कोन वाकते? म्हटलं, मी. म्हने, मंग जो वाकला त्याचं नाव वर."

साडेआठ झाले. पर्जन्यमापकात काही नव्हतं. मास्तरांनी बाजूच्या शेतात आखलेल्या चौकोनाकडे नेलं. जमीन अशी फाटली होती की माझा हात मावला असता. त्यांनी पऱ्हाटीची काडी माझ्यापुढे धरली.

"घ्या."

"मला येत नाही, मास्तर."

"सायबालेबी येत नोतं."

मी पदर खोचला आणि वाकले. भेगेतून गार वास आला, वर एवढं ऊन असताना. काडी जात राहिली, जात राहिली, आणि मग कशाला तरी टेकली. जिथे जमिनीची कड लागली तिथे अंगठा धरून मी काडी वर ओढली. मास्तरांनी शाळेची सेंटिमीटरची लांब पट्टी लावली, पण आकडा बोलले नाहीत. तो वाचणाऱ्याने सांगायचा असतो.

"किती?"

"एकसष्ट हाये," मी म्हटलं. शब्द आईच्या तोंडचा होता. मास्तरांना त्यात काहीच वेगळं वाटलं नाही.

वहीत तीन रकाने आहेत: पाऊस, भेग, आणि ज्याने वाचलं त्याचं नाव. मी मागची पानं उलटली. अधूनमधून तुमचं नाव आहे, तुमच्या तिरप्या अक्षरात, त्या त्या दिवशी तुम्ही आला होतात म्हणून. मग मी त्या शुक्रवारपाशी आले. पाऊस निरंक. भेग बावन्न. नावाचा रकाना कोरा.

"सायबाचं कार्ड आलं होतं ना," मास्तर म्हणाले. "शुक्रवारी येतो, वाचन मी घेईन म्हने. साडेआठ झाले, नऊ झाले. वाचन तं घ्याच लागते, ते घेतलं. म्हटलं, नाव त्यायचं त्यायनंच टाकावं, येतीनच दुपारलोक." वहीवर बोट ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तिथं काय लिवू, बाई? मले समजून नाई राह्यलं."

मला सांगता आलं असतं, की तुमचं नाव लिहा, मास्तर, वाकलात तुम्ही. नियमाने तेच बरोबर होतं.

"राहू द्या," मी म्हटलं.

मग मी रविवारच्या ओळीशी आले आणि तिसऱ्या रकान्यात माझं नाव लिहिलं, पूर्ण, मराठीत. रविवारी तिवशाला पाऊस निरंक, सर. भेग एकसष्ट. वाचलं मी. तुमची ती जागा आम्ही दोघांनी कोरी ठेवली आहे.